वाटाण्याचा कोंब आणि सावित्रीचे शंभर पुत्र
(कै. दादासाहेब फाळके यांचे जीवन)

द्वितीय वर्ष, कला

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून धुंडिराज गोविंद फाळके यांचे नाव शाळेच्या पुस्तकापासूनच आपल्या कानावर पडत असते. आमच्या वसतिगृहात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मैत्रिणींना तर पहिला चित्रपट, त्याचे साल आणि फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार एवढे तिन्ही तोंडपाठ असते. त्यापलीकडे हा माणूस काय होता, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. मीही केली नसती. पण मराठीच्या तासाला कथानक आणि कलाटणी यांवर बोलताना सरांनी चित्रपटांतली उदाहरणे विचारली, आणि वर्गातल्या निम्म्या मुलींनी एकच उदाहरण दिले: नायिकेला चक्कर येते, डॉक्टर नाडी पाहतात, आणि ज्या बाईला दिवस जाणे कोणाच्या स्वप्नातही नव्हते, तिला दिवस गेलेले असतात. 'आराधना' (१९६९) मध्ये पावसाची एक रात्र पुरते. कोठे नवरा मेलेला असतो, कोठे लग्नच झालेले नसते, तर कोठे वैद्यांनी हात टेकलेले असतात. तरीही मूल होते आणि अडलेली गोष्ट पुढे सरकते.

हे कथानकाचे यंत्र आपल्या पडद्यावर कोठून आले, याचा माग काढीत गेले, तर वाट नाशिकच्या फाळक्यांच्या अंगणात जाऊन पोहोचते. त्यांच्या मागे अर्थातच पुराणे आहेत. पण पुराणातला अशक्य जन्म लोकांना डोळ्यांनी दाखविण्याचे काम आपल्याकडे प्रथम त्यांनीच मोठ्या प्रमाणावर केले. म्हणून त्यांचे चरित्र मी याच अंगाने सांगणार आहे.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. घरात पूजा, पोथी, पुराण यांचा राबता. वडिलांना मुंबईत अध्यापनाची नोकरी मिळाल्यावर कुटुंब तिकडे गेले, आणि मुलाला चित्रकलेची ओढ आहे हे पाहून त्याला जे. जे. कलाशाळेत घातले. शास्त्रीबुवांच्या मुलाने रंगाच्या नादी लागावे हे त्या काळी साधे नव्हते. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, साचेकाम असे जे मिळेल ते शिकून घेतले. एका विद्येवर समाधान मानणारा हा माणूस नव्हताच. गोध्र्याला त्यांनी फोटोचा स्टुडिओ काढला.  त्यातच प्लेगची साथ आली, आणि फाळक्यांची पहिली पत्नी व मूल त्यात दगावले. ज्या माणसाने पुढे पडद्यावर देवांचे जन्म दाखविले, त्याने त्याआधी आपल्या घरातले मूल स्मशानात पोहोचविले होते. चरित्रांत ही घटना एका ओळीत उरकलेली असते. मला मात्र ती ओलांडून लवकर पुढे जाता आले नाही.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर, सासरचे सरस्वती. मधल्या काळात फाळके जादूचे प्रयोग शिकले आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते प्रयोग करूही लागले. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, रंगीत छपाई शिकण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. पुढे भागीदारांशी पटले नाही, तेव्हा तेही सोडले. चाळिशीचा गृहस्थ, घरात लेकरे, आणि हाती काम नाही, अशी अवस्था झाली.

अशा वेळी, १९१० च्या सुमारास, मुंबईत गिरगावच्या एका तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. या प्रसंगाचे वर्णन सर्व चरित्रांत येते: पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि फाळक्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहत होते. दुसऱ्यांदा ते सरस्वतीबाईंना बरोबर घेऊन गेले. येथे एक गोष्ट मला लक्षात घेण्यासारखी वाटते. ख्रिस्ताच्या कथेचा आरंभच एका अशक्य गर्भधारणेने होतो. मेरी कुमारिका आहे, तरी तिला मूल होते. ते मूल जन्मताच हेरोद राजा घाबरतो आणि गावातली तान्ही बाळे मारायला निघतो. आपल्याकडे कंस घाबरतो आणि देवकीची बाळे शिळेवर आपटतो. ज्याच्या घरात भागवत वाचले जात होते, त्या माणसाला ही कथा परकी वाटण्याचे कारणच नव्हते. नावे बदलली, कपडे बदलले, की ती गोकुळाष्टमीचीच कथा.

फाळक्यांनी मग ध्यास घेतला. मिळेल तो चित्रपट पाहायचा, रात्र रात्र जागून लहान यंत्रावर फिल्म फिरवून पाहायची. त्याने डोळे गेले. काही दिवस त्यांना दिसेनासे झाले होते. उपचारांनी दृष्टी परत आली, तसे ते पुन्हा त्याच नादाला लागले. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे एका चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या कचेरीत ओळखदेख नसताना शिरले, संपादकाशी मैत्री केली, हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि परतले.

आता वाटाण्याची गोष्ट. फाळक्यांच्या साऱ्या आयुष्यातला मला सर्वांत आवडलेला भाग हाच आहे, म्हणून वाचकांनी थोडे थांबावे.

कॅमेरा आला, पण चित्रपट काढायला पैसा नव्हता. सावकाराला काय दाखवायचे? फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा रोवला. आणि सुमारे महिनाभर, ठरावीक वेळाने, एकेक चित्र घेत राहिले. जमीन जराशी फुगली, एक चित्र. कोंब डोकावला, एक चित्र. पान उलगडले, वेल चढली. सारे एकापुढे एक जोडून फिरविले, तेव्हा महिन्याचे काम एका मिनिटाच्या आसपास डोळ्यांसमोर घडले. बी मातीतून उठून उभे राहिले. हीच 'अंकुराची वाढ'. ती पाहून छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी नाडकर्णी यांनी कर्ज देऊ केले.

आम्ही शेतकऱ्यांची मुले. शिंदखेडा तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन आहे. पेरलेले उगवते की नाही, हे पाहण्यासाठी बांधावर उकिडवे बसलेले वडील मी दरवर्षी पाहते. कोंब येताना कोणालाच दिसत नाही, तो आलेला दिसतो. संध्याकाळी नव्हता, सकाळी आहे. फाळक्यांनी पहिल्याने जगाला दाखविले ते हे: जे घडते पण दिसत नाही, ते. आमच्या वडिलांना मी मोबाइलवर तसल्याच प्रकारचे एक आधुनिक चित्रण दाखविले, तर त्यांनी ते चार वेळा पाहिले आणि पाचव्यांदा पाणी कोणी घातले ते विचारले.

योगायोग असा, की फ्रान्समध्ये १८९६ च्या सुमारास आलिस गी नावाच्या तरुण बाईने एक लहानसा चित्रपट काढला होता, त्यात एक परी कोबीच्या गड्ड्यांतून बाळे उचलून काढते. मूल कोठून येते असे विचारणाऱ्या पोरांना तिकडे कोबीतून येते असे सांगत. आलिस गी ही जगातली पहिली स्त्री-दिग्दर्शक मानली जाते. तिकडे कोबी, इकडे वाटाणा. चित्रपटकलेला डोळे फुटताच तिने पाहिले ते जन्माकडे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

कर्ज मिळाले तरी पुढचा मार्ग सोपा नव्हता. सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी आले. 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती हवी होती. फाळक्यांनी जाहिराती दिल्या, नाचगाण्याच्या वस्तीत जाऊन विनवण्या केल्या, पण चित्रपटात काम करायला एकही स्त्री तयार होईना. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके नावाचे सडपातळ तरुण त्यांना सापडले, आणि ते तारामती झाले. बायकांच्या भूमिका करणाऱ्या पुरुषांना मिशा काढायला लावणे हेही एक दिव्यच होते, कारण वडील गेल्याशिवाय मिशी काढायची नाही अशी रूढी. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. म्हणजे आपल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटात मुलासाठी टाहो फोडणारी जी आई आहे, ती पुरुष आहे. अशक्य मातृत्वाची याहून सरळ मूर्ती कोणती? पण ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात हा चित्रपट लागला, तेव्हा लोकांना त्यात काही खटकले नाही. त्यांना तारामतीच दिसली.

मात्र खरी आई कॅमेऱ्याच्या मागे उभी होती, आणि तिच्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत. उन्हात पांढरी चादर धरून तासन्‌तास उभ्या राहत, म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडे. रात्री स्वयंपाकघराचे दार बंद करून अंधारात हाताने चाचपत कच्च्या फिल्मला भोके पाडीत, रसायने कालवीत. आणि याच वर्षांत त्यांची बाळंतपणेही होत होती. तारामतीची भूमिका त्यांनी करावी असे फाळक्यांनी सुचविले होते, म्हणतात. त्या नको म्हणाल्या, कारण मग बाकीचे कोण करणार? पडद्यावर जन्म चमत्काराने होतात. घरातले जन्म चूल सांभाळून होत होते. चित्रपटाच्या पाटीवर सरस्वतीबाईंचे नाव नव्हते.

त्याच वर्षी फाळके नाशिकला आले आणि 'मोहिनी भस्मासूर' काढला. येथे मात्र दोन स्त्रिया मिळाल्या: दुर्गाबाई कामत आणि त्यांची लहान वयाची मुलगी कमलाबाई, पुढे गोखले. आई पार्वती झाली आणि मुलगी मोहिनी. गंमत पाहा: खऱ्या स्त्रीला पडद्यावर पहिली मोठी भूमिका मिळाली, ती स्त्रीरूप घेतलेल्या विष्णूची! याच मोहिनीला शंकरापासून अय्यप्पा झाला, असे दक्षिणेत मानतात. ते फाळक्यांच्या कथेत येत नाही, म्हणून मी तिकडे वळत नाही.

१९१४ मध्ये त्यांनी 'सत्यवान सावित्री' काढला. तो आज पाहायला मिळत नाही. फाळक्यांचा कोणताही एक हरवलेला चित्रपट परत मिळणार असेल, तर मी हाच मागेन.

सावित्रीची कथा आपल्याला माहीत असते, पण वडाला दोरा गुंडाळण्यापुरती. महाभारताच्या वनपर्वात ती नीट वाचली तर काय दिसते? एक तर सावित्री स्वतःच नवसाची. अश्वपती राजाला मूल नव्हते, त्याने अठरा वर्षे व्रत केले, तेव्हा ही झाली. लग्नानंतर वर्षाने सत्यवान मेला. यम त्याचा प्राण घेऊन चालला आणि ही मागे मागे चालू लागली. ती रडत नाही. बोलते, आणि इतके शहाणपणाचे बोलते की यम खूश होऊन वर देत जातो, फक्त सत्यवानाचे प्राण सोडून. तिने सासऱ्याची दृष्टी मागितली. सासऱ्याचे राज्य मागितले. आपल्या पित्याला शंभर पुत्र मागितले. आणि चौथ्या खेपेला तिने सत्यवानापासून स्वतःला शंभर पुत्र मागितले. यम बोलून गेला, दिले. मग तिने त्याला त्याचाच शब्द दाखविला: नवरा नसेल तर हे पुत्र होणार कसे?

सगळ्या अशक्य गर्भधारणांमध्ये ही मला वेगळी वाटते. येथे वारा नाही, पायस नाही, सूर्याचा मंत्र नाही. उलट, चमत्काराने मूल होत नाही, पुरुष हवा, या साध्या गोष्टीवर सारा डाव उभा आहे. मूल ही एकट्या बाईची गोष्ट नव्हे, हे तिने प्रत्यक्ष मृत्यूकडून कबूल करून घेतले. न झालेल्या शंभर मुलांच्या जोरावर तिने मेलेला नवरा परत आणला. कथानकाची याहून चोख कलाटणी मी तरी वाचलेली नाही.

हे वाचीत असताना मला सारखी माझी काकू आठवत होती. तिच्या लग्नाला सोळा वर्षे झाली, मूल नाही. धुळ्याची एकवीरा झाली, एरंडोलजवळचे पद्मालय झाले, आडगावची मनुदेवी झाली, उपासतापास झाले. वटपौर्णिमेला ती निष्ठेने वडाला सात फेरे घालते, आणि त्याच वडाखाली बायका एकमेकींची ओटी भरताना तिच्यापाशी आल्या की हात आखडतो. डोहाळजेवणाचे बोलावणे तिला येत नाही. शहरातल्या डॉक्टरांनी तिच्या सगळ्या तपासण्या केल्या, त्यांत काही दोष निघाला नाही. त्यांनी काकांनाही तपासून घ्यायला सांगितले. काका गेले नाहीत. त्याला आज पाच वर्षे झाली. आमच्या घरात या विषयावर कोणी बोलत नाही, आणि कॉलेजात जाते म्हणून मी बोलले, तर चार दिवस माझ्याशीही कोणी बोलले नाही. काकूला मी वनपर्वातली सावित्री सांगितली, यमाला केलेला सवाल नीट उलगडून सांगितला. ती भाकरी थापत होती. तिने मला ती गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली.

चित्रपटाचे काय झाले ते पाहू. फाळके हे तिन्ही चित्रपट घेऊन १९१४ मध्ये पुन्हा लंडनला गेले. तिकडच्या लोकांनी कौतुक केले, तेथेच राहून काम करण्याचे बोलावणेही आले, पण ते परत आले. तोवर महायुद्ध पेटले. कर्ज देणारे मागे सरले, कच्ची फिल्म मिळणे कठीण झाले. तरी त्यांनी १९१७ मध्ये 'लंकादहन' काढला. त्यात अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. हा चित्रपट एवढा चालला, की जमलेली नाणी बैलगाडीत घालून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, असे सांगतात. १९१८ मध्ये भांडवलदारांच्या साह्याने नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली, आणि फाळक्यांनी 'श्रीकृष्णजन्म' हातात घेतला.

आठ वर्षांपूर्वी गिरगावच्या अंधारात जो कृष्ण मनात उभा राहिला होता, तो आता पडद्यावर यायचा होता. भागवतातली ही जन्मकथा म्हणजे अशक्याची मालिकाच आहे. सहा मुले मारली गेली. सातवा गर्भ देवकीच्या उदरातून काढून रोहिणीच्या उदरात ठेवला गेला, तोच बलराम. आजच्या काळात एका बाईचा गर्भ दुसरीच्या कुशीत वाढविता येतो हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. आमच्या मोठ्या मायला, म्हणजे आजीला, त्याचे मुळीच नवल वाटत नाही, कारण तिच्या मते हे मथुरेत होऊन गेलेले आहे. (प्रयोगशाळेत आधीच जुळविलेला गर्भ दुसरीच्या कुशीत ठेवणे आणि वाढत असलेला गर्भ काढून दुसरीकडे नेणे, यांत फरक आहे. दुसरे आजही जमलेले नाही. मी हे तिला सांगून पाहिले, उपयोग झाला नाही.) आठवा गर्भ तर प्रथम वसुदेवाच्या मनात आला आणि तेथून देवकीकडे गेला. बंदिशाळा, साखळदंड, पहारा, आणि तरीही मूल जन्मून यमुनेपार पोहोचते.

हे दाखवायला फाळक्यांकडे काय होते? केळफाची जादू होती. कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची, पुन्हा चालू करायचा. एकाच फिल्मवर दोनदा चित्र घ्यायचे. या चित्रपटाचे जे थोडेसे तुकडे आज शिल्लक आहेत, त्यांत पाण्यातून नागावर उभा राहून वर येणारा बालकृष्ण आहे, पाळणा हलविणारी यशोदा आहे, आणि भयाने वेडा झालेला कंस आहे. त्याला चहूकडे छोटे छोटे कृष्ण दिसतात आणि स्वतःचे शिर धडावेगळे झालेले दिसते. मी हे तुकडे ग्रंथालयातल्या संगणकावर पाहिले. चित्र थरथरते, ओरखडे आहेत. पण कंसाचे शिर उडाले तेव्हा शेजारच्या टेबलावरचा मुलगा वाचन सोडून माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. कृष्ण झालेली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. पुढच्या वर्षीच्या 'कालियामर्दन'मध्येही तीच कृष्ण आहे. हरिश्चंद्राच्या वेळी पुरुष आई झाला होता, आता मुलगी देव झाली.

मोठी माय सांगते, की तिच्या लहानपणी सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत तंबूतले सिनेमे येत, आणि देवाचा जन्म झाला की बाया पडद्यापुढे नारळ फोडीत. सारंगखेडे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, १९९८ पासून ते नंदुरबारमध्ये गेले. ते चित्रपट फाळक्यांचे नव्हते, पुढचे बोलपट होते. पण त्या बाया नारळ फोडीत होत्या त्या फाळक्यांनी लावलेल्या सवयीपायीच. यात्राही अशी, की जेथे दत्ताचाच जन्म साजरा होतो. तीन देव अनसूयेची परीक्षा पाहायला आले, आणि तिने त्यांनाच तान्ही बाळे करून टाकले! मूल नसलेल्या बाया त्या यात्रेत किती असत, हे मोठी माय न विचारता सांगते.

माझे म्हणणे असे, की फाळक्यांच्या चित्रपटांत अशक्य मूल हे वरदान होऊन येते, आणि पुढच्या सामाजिक चित्रपटांत तेच मूल शिक्षा होऊन येते. देव गेले, बाकी सर्व तेच राहिले. कुंतीला निदान सूर्याचे नाव घेता येत होते. पावसाच्या रात्रीनंतरच्या नायिकेला कोणाचेच नाव घेता येत नाही. घर सोडायचे, मूल दुसऱ्याच्या दारात ठेवायचे, नाहीतर वीस वर्षे पांढरे लुगडे नेसून गप्प राहायचे. लेखकाची सोय होते आणि बाईचा जन्म जातो. याचा दोष फाळक्यांना देता येणार नाही. सावित्रीसारखी बोलणारी बाई त्यांच्या यादीत होती, पुढच्यांनी ती उचलली नाही एवढेच.

उरलेले चरित्र थोडक्यात सांगते, कारण ते दुःखाचे आहे. कंपनीतल्या भागीदारांशी मतभेद होऊन फाळके बाहेर पडले आणि कुटुंबासह काशीला जाऊन राहिले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले. काही वर्षांनी परत येऊन त्यांनी पुन्हा कंपनीसाठी चित्रपट काढले, त्यांत 'हनुमान जन्म'ही आहे, म्हणजे पुन्हा एक अलौकिक जन्म, अंजनी आणि वारा. पण आता मालक दुसरे होते आणि फाळके पगारी. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, पडदा बोलू लागला, आणि मूकपटांचा बाजार उठला. त्यांचा 'सेतुबंधन' मुका म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला.

शेवटचा चित्रपट 'गंगावतरण', १९३७, कोल्हापूर सिनेटोनसाठी. हा त्यांचा एकमेव खरा बोलपट. वय सदुसष्ट. ज्या कथेवर तो आहे, तिच्या मुळाशी सगर राजाचे साठ हजार पुत्र आहेत. रामायण सांगते, की राणीला एक भोपळा झाला, तो फुटून त्यातून साठ हजार जीव निघाले, आणि दायांनी ते तुपाच्या घागरींत ठेवून वाढविले. ते सारे कपिलाच्या कोपाने जळून गेले, म्हणून भगीरथाला गंगा आणावी लागली. बंगालच्या कृत्तिवासाने तर भगीरथाचा जन्मच दोन विधवा राण्यांपासून झाला असे लिहून ठेवले आहे. वाटाण्यापासून निघालेला माणूस भोपळ्याच्या कथेपर्यंत येऊन थांबला, हे मी थट्टेने लिहीत नाही.

त्यानंतर त्यांना काम मिळाले नाही. प्रकृती खालावली, पैसा नव्हता, ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला, तो आता मुंबई-पुण्यात लाखोंची उलाढाल करीत होता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९६९ पासून भारत सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला.

जळगावहून नाशिकला जाताना गाडी मनमाडवरून जाते, तीन-साडेतीन तासांचा रस्ता. मागच्या दिवाळीत काकूला घेऊन मी त्र्यंबकेश्वरला गेले होते. ती देवासाठी आली होती, मी फाळक्यांच्या जन्मगावासाठी. परतताना गाडीत तिने मोबाइलवर 'श्रीकृष्णजन्म'चा तो तुकडा पाहिला. यशोदेचा पाळणा आला तेव्हा तिने विचारले, की हिच्या खऱ्या लेकीचे पुढे काय झाले. कृष्णाच्या बदली जी मुलगी यशोदेजवळून उचलून नेली आणि कंसाने शिळेवर आपटायला धरली, ती योगमाया. ती हातातून निसटून आकाशात गेली, असे मी सांगितले. फाळक्यांच्या उरलेल्या फिल्ममध्ये तो भाग नाही.